वर्गांतील शांतता

शाळेच्या ओसरीवरून जातांना एखाद्या वर्गांतून चकार शब्दहि ऐकूं आला नाहीं, म्हणजे ‘या वर्गाची शिस्त चांगली’ असा शेरा आपण मनांतल्या मनांत देऊन टाकतों. माझ्या नोकरीचीं पहिलीं वर्षें मी हाच शेरा मिळविण्यासाठीं धडपडलों, आणि तो मला मिळालाहि. आज त्याच शेऱ्याविषयीं आपल्यापुढें थोडें बोलावयाचें आहे. कारण शांतता दोन प्रकारची असते, ही गोष्ट माझ्या ध्यानांत फार उशिरां आली. मूल कामांत गढून गेलें म्हणजे एक शांतता येते. मूल भ्यालें म्हणजे दुसरी येते. ओसरीवरून ऐकणाऱ्यास दोन्ही सारख्याच वाटतात. पण पहिल्या शांततेंत मूल वाढत असतें, आणि दुसरींत तें घंटेची वाट पाहत असतें.

मी कोणी शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झालों, अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें काढलीं आणि छावणींतील एका शाळेंत शिक्षक म्हणून लागलों. तेव्हांपासून निवृत्त होईपर्यंत खडू आणि फळा यांच्याशींच माझी संगत राहिली. छावणी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, जुन्या पिढीच्या तोंडीं अजून असलेल्या औरंगाबादचा, खाम नदीकडील लष्करी भाग. निजामाच्या राजवटींत हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा येथें तळ होता. सरळ रस्ते, जुन्या बराकी आणि कवाइतीचीं मैदानें यांच्या सहवासांत राहणाऱ्याच्या मनांत शिस्त म्हणजे कवाईत हें समीकरण सहज ठसतें. माझ्याहि मनांत तें ठसलें होतें. वर्गांत पाऊल टाकलें कीं पन्नास डोकीं एकदम ताठ व्हावींत, प्रश्न मीं विचारावा आणि उत्तर त्यांनीं द्यावें, हात घडीबाहेर जाऊं नये, असा माझा दंडक होता.

छावणीचा आठवड्याचा बाजार गुरुवारीं भरतो. जनावरें, धान्य, भाजीपाला, दोरखंडें, जुनें लोखंड, सारें कांहीं तेथें येतें. त्या दिवशीं शाळेचे बांक हटकून थोडे मोकळे दिसत. माझ्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांतील, म्हणजे १९८० नंतरच्या एक-दोन वर्षांतील ही गोष्ट आहे. चौथीच्या वर्गांत माझ्याकडे एक मुलगा होता. तो दर गुरुवारीं गैरहजर असे, आणि शुक्रवारीं पहिला तास गणिताचा. आदल्या दिवशीं शिकविलेलें त्यास अर्थातच येत नसे. एका शुक्रवारीं मीं त्यास फळ्यापाशीं बोलाविलें. खडू हातांत घेऊन तो नुसता उभा राहिला.

“काल कोठें होतास?” मीं विचारलें.

“बाजारांत, गुरुजी.”

“मग बाजारांतच रहा कीं! येथें कशाला येतोस?”

सारा वर्ग हंसला, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि आपल्या बोलण्याची थोडी ऐट वाटली. मीं त्यास छडी मारली नाहीं; तेव्हां आपण कांहीं कठोर केलें असें माझ्या मनासहि शिवलें नाहीं. सोमवारीं त्याची जागा रिकामी होती. मंगळवारींहि ती रिकामीच राहिली. माझ्या इतर कित्येक आज्ञा त्यानें मोडल्या असतील, पण ही एक त्यानें अक्षरशः पाळली.

तीन आठवड्यांनीं मी गुरुवारच्या बाजारांत गेलों. तो आईशेजारीं गोणपाटावर बसला होता आणि तराजू त्याच्या हातांत होता. एका गिऱ्हाइकानें दोन रुपये दराचे पावणेतीन किलो कांदे आणि दीड रुपया दराचीं अर्धा किलो वांगीं घेतलीं, आणि दहाची नोट पुढें केली. मी मनांत आंकडे जुळवीत होतों, तोंच त्यानें सव्वासहा रुपये सांगून पावणेचार रुपये परतहि दिले. फळ्यापाशीं ज्यास गुणाकार येत नव्हता तो हाच मुलगा! मीं त्यास म्हटलें, “सोमवारपासून ये.” त्यानें मान वर केली नाहीं. तराजूंतील मिरच्या सारख्या करीत तो म्हणाला, “गुरुजी, तिथं समदे हसत्यात.” त्याची आई म्हणाली, “गुरुवारीं मला त्याचा हात लागतो, गुरुजी. बाकीचे दिवस म्या धाडीतच होते. आतां त्योच नगं म्हनतो.” निघतांना तिनें माझ्या पिशवींत कोथिंबिरीची एक जुडी टाकली आणि पैसे कांहीं केल्या घेतले नाहींत. ती जुडी घेऊन मी घरीं आलों. मुलगा पुन्हां शाळेंत आला नाहीं. त्या वर्षअखेरीस माझ्या वर्गास शिस्तीबद्दल उत्तम शेरा मिळाला.

श्रोतेहो, छावणीच्या अगदीं शेजारीं नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४५ सालीं स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं येथें महाविद्यालय काढलें. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याच्या इमारतीची कोनशिला बसली, आणि पुढें त्यास मिलिंद महाविद्यालय असें नांव मिळालें. महाविद्यालय निघालें तेव्हां हैदराबाद संस्थान भारतांत येऊन जेमतेम दोन वर्षें झालीं होतीं. मराठवाड्यांत उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती. ज्यांच्या घरांत पूर्वीं कोणीं पाटी धरली नव्हती असे तरुण खेड्यापाड्यांतून या जागीं आले आणि शिकून मोठे झाले. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनीं ‘युगयात्रा’ हें नाटक लिहिलें आणि विद्यार्थ्यांनीं तें रंगभूमीवर आणलें. ज्या मुलांस गांवांत पुढें उभें राहण्याचीहि मुभा नव्हती, त्यांस रंगमंचाच्या मध्यभागीं उभें करणें, हा शिकविण्याचाच एक प्रकार होय.

या फाटकावरून मी वर्षानुवर्षें सायकलनें जात होतों. परंतु महाविद्यालयास मिलिंद आणि परिसरास नागसेन हीं नांवें कां दिलीं असावींत, हा प्रश्न मीं कधीं कोणास विचारला नव्हता. मुलांनीं प्रश्न विचारूं नयेत असें वाटणाऱ्या शिक्षकाची प्रश्न विचारण्याची संवयहि जाते, त्याचें हें उदाहरण! अखेर एका स्नेह्यानें मला ‘मिलिंदपञ्ह’ या जुन्या पाली ग्रंथाची हकीकत सांगितली. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत वायव्य भारतावर राज्य करणारा मिनँडर हा यवन राजा. वादांत भल्याभल्यांस निरुत्तर करण्याची त्यास हौस. नागसेन हा बौद्ध भिक्षु. राजानें त्यास चर्चेस बोलाविलें, तेव्हां भिक्षूनें आधीं एक अट घातली. महाराज पंडिताप्रमाणें बोलणार असतील तर मी बोलेन. राजाप्रमाणें बोलणार असतील तर बोलणार नाहीं. राजानें फरक विचारला. नागसेनाच्या उत्तराचा आशय असा कीं, पंडित बोलतात तेव्हां एकमेकांच्या म्हणण्याची उलगड करतात, चूक दाखवितात, चूक मान्यहि करतात, आणि त्यावरून कोणी रागावत नाहीं. राजे बोलतात तेव्हां ते एक गोष्ट धरून बसतात, आणि जो तिच्याविरुद्ध बोलेल त्यास शिक्षा फर्मावतात. राजानें अट मान्य केली, आणि दोघांचें संभाषण झालें.

हें ऐकल्यावर माझा तो शुक्रवारचा तास माझ्या डोळ्यांपुढें उभा राहिला. मी पंडित म्हणून वर्गांत गेलों होतों कीं राजा म्हणून? येथें तर भिक्षूनें राजास अट घातली. माझ्या वर्गांतील दहा वर्षांचें मूल मला कसली अट घालणार! त्यास एकच मार्ग मोकळा होता, आणि तो म्हणजे उठून जाण्याचा. तेव्हां ती अट शिक्षकानेंच स्वतःस घालून घेतली पाहिजे. वर्गाच्या शिस्तीसंबंधानें मला जें थोडेंफार कळलें त्याचें मूळ एवढेंच आहे. आतां त्यांतून व्यवहारांत काय निघतें, तें सांगतों.

पहिली गोष्ट चुकीची. चुकलेल्या मुलास हंसूं देणें, ही वर्गांतील सर्वांत महाग करमणूक आहे. एक हंसला म्हणजे चाळीस जण मनांत ठरवितात कीं, आपण बोलावयाचें नाहीं. नंतर आम्ही तक्रार करतों कीं मुलें उत्तरें देत नाहींत, त्यांस गोडी नाहीं. पुढें मीं एक संवय लावून घेतली. चुकीचें उत्तर आलें कीं “हें उत्तर कोठल्या वाटेनें आलें, तें सांग पाहूं,” असें मी म्हणें. बहुधा वाट अर्धी बरोबर असे. ती अर्धी वाट फळ्यावर लिहिली म्हणजे उरलेली वर्ग स्वतःच शोधी. फळ्यावर माझी चूक झाली तर ती दाखविणाऱ्याचे मी आभार मानीत असें. यानें माझा मान कमी होईल अशी मला धास्ती होती. ती खोटी ठरली.

दुसरी गोष्ट आरंभ कोठून करावा ही. नागसेनानें राजास एक अवघड विचार समजावून दिला, तो राजा ज्या रथांतून आला होता त्या रथावरूनच. रथ म्हणजे चाकें काय, आंस काय, जोखड काय, असें एकेक विचारीत त्यानें राजालाच उत्तराप्रत नेलें. प्रत्येक मूल शाळेंत कोणत्या ना कोणत्या रथांतून येतें. माझ्या त्या मुलाचा रथ तराजू होता, आणि मीं तो वर्गाच्या दाराबाहेर सोडावयास लाविला. पुढच्या वर्षापासून मीं वेळापत्रकांत एक लहानसा बदल केला. गणिताचा नवा भाग गुरुवारीं शिकवावयाचा नाहीं. त्या दिवशीं उजळणी. आणि शुक्रवारीं पहिल्या तासास ‘बाजारचा हिशेब’. काल बाजारांत कोण गेलें होतें, त्यानें भाव सांगावयाचे आणि बाकीच्यांनीं त्यावर उदाहरणें करावयाचीं. गुरुवारची गैरहजेरी यामुळें थांबली असें मी म्हणणार नाहीं. पोटापुढें वेळापत्रकाचें कांहीं चालत नाहीं. पण शुक्रवारीं तीं मुलें मान खालीं घालून येईनाशीं झालीं, कारण त्या तासाचा माल त्यांच्याजवळ असे.

याच विचाराचें फार मोठें रूप ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यांत दिसतें. ताराबाईंनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम मांडलें, अनुताई त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९५७ सालीं तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासींचीं मुलें गुरें राखीत. तीं शाळेंत येणार कशीं? या बायांनीं मुलांस दोष दिला नाहीं, आईबापांसहि दिला नाहीं. मुलें गुरांमागें कुरणांत जातात, तर शिक्षकानेंच कुरणांत जावें, असें ठरवून त्यांनीं ‘कुरणशाळा’ चालविली. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेस काय करतां येईल, हा प्रश्न ज्यास सुचला त्याचें निम्में काम झालें असें समजावें.

तिसरी गोष्ट तयारीची. दंगा बहुधा खट्याळ मुलापासून सुरू होत नाहीं. तो रिकाम्या मिनिटांपासून सुरू होतो. गुरुजी खडू शोधत आहेत, पान उलटत आहेत, हजेरी संपत नाहीं. एवढ्या अवधींत पन्नास मुलांनीं काय करावें? मी वर्गांत जाण्यापूर्वींच फळ्यावर एक उदाहरण किंवा कोडें लिहून ठेवूं लागलों. मुलें आंत येत तीं थेट त्याच्याकडे वळत, आणि हजेरी मी हलक्या आवाजांत आटोपीत असें. आवाजाबद्दलहि एक अनुभव सांगतों. शिक्षकाचा आवाज चढला कीं वर्गाचा त्याहून चढतो. मी आवाज खालीं आणला म्हणजे पुढच्या बांकावरील मुलेंच मागच्यांस गप्प करीत, कारण त्यांस ऐकावयाचें असे.

चौथी गोष्ट नियमांची. माझ्या आरंभींच्या दंडकांत पंधरा-वीस नियम होते, आणि ते सर्व मुलांसाठीं होते. पुढें मीं मुलांस विचारून चार नियम ठरविले: एक बोलत असतां दुसऱ्यानें बोलूं नये, चुकणाऱ्यास हंसूं नये, घंटा होतांच जागेवर असावें, आणि वर्गाची वस्तू मोडली तर लपवूं नये. हे चारी नियम मलाहि लागू होते. एकदां घंटेनंतर मी ओसरीवर बोलत राहिलों, तेव्हां एका मुलीनें मला नियमाची आठवण दिली. मी निमूटपणें आंत गेलों. त्या दिवसानंतर तिसरा नियम मला पुन्हां सांगावा लागला नाहीं.

पांचवी गोष्ट खट्याळ मुलाची. त्याच्या अंगीं जोर असतो आणि त्यास काम नसतें, एवढाच बहुधा त्याचा अपराध. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेंत डॉ. अँड्र्यू बेल नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें आपल्या देशी शाळांतून मुलें वाळूंत अक्षरें गिरवितात हें पाहिलें, आणि जाणत्या मुलानें अजाणत्यास शिकवावें या पद्धतीनें आपली अनाथशाळा चालविली. पुढें ती पद्धति मद्रास पद्धति म्हणून विलायतेंतहि गाजली. शिक्षकाचें काम मुलावर ढकलावें असें माझें म्हणणें नाहीं. पण जो मुलगा तुमच्या तासांत दहा वेळां उठतो, त्यास उठण्याचें कारण द्या. नकाशा त्यानें लावावा, मागच्या रांगेंतील दोन मुलांचे पाढे त्यानें घ्यावेत. दुसऱ्यास शिकवावयाचें म्हटलें कीं तो आधीं स्वतः शिकतो.

सहावी गोष्ट शाबासकीची. ‘हुशार आहेस’ असें म्हटलें म्हणजे मूल आपली हुशारी सांभाळीत बसतें आणि अवघड उदाहरणास हात लावीत नाहीं. ‘हा हातचा तूं विसरला नाहींस, छान,’ असें म्हटलें म्हणजे नेमकें काय चांगलें झालें तें त्यास कळतें आणि पुन्हां करावेंसें वाटतें. एकाची स्तुति करून दुसऱ्यास टोमणा देणें, हें तर दोघांचेंहि नुकसान आहे. मुलाची तुलना करावयाचीच असेल तर त्याच्या कालच्या वहीशीं करावी.

आतां आपल्यापैकीं पुष्कळ जण मनांत म्हणत असतील कीं, गुरुजी, हें सर्व गोड आहे. पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गांत धाक नको काय? माझे कित्येक व्यवसायबंधु म्हणत कीं, कायद्यानें आमचे हात बांधले. मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि त्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासहि मनाई केली. ते दुसरे शब्द मीं वाचले तेव्हां मला कोणाकडे बोट दाखवावेंसें वाटलें नाहीं. मीं छडी मारली नव्हती, पण जें केलें होतें त्यास तेथें नांव मिळालें होतें. मर्यादा हवी, यांत शंका नाहीं. मुलानें शाई सांडली तर त्यानेंच पुसावी, दुसऱ्याची वही फाडली तर ती लिहून द्यावी; अशा भरपाईंत शिक्षण आहे. धाकानें मात्र फक्त एक गोष्ट साधते, ती म्हणजे गुरुजी वर्गांत असेपर्यंतची शांतता. गुरुजी बाहेर जातांच जी उरते तीच खरी शिस्त. आपल्या वर्गाची परीक्षा घ्यावयाची असेल तर पांच मिनिटें ओसरीवर जाऊन उभें रहावें.

हें सारें शाळेपुरतें आहे असें कृपा करून समजूं नका. घरीं मुलाचा अभ्यास घेणारी आई, शिकवणीचे मास्तर, वाळूजच्या कारखान्यांत नव्या उमेदवारास यंत्र शिकविणारा जुना कारागीर, या सर्वांपुढें तोच प्रश्न आहे: मी राजा म्हणून बोलतों आहें कीं पंडित म्हणून? घरांत तर राजा होणें अधिकच सोपें, कारण तेथें मुलास उठून जाण्याची वाटहि नसते. आज रात्रीं वही तपासतांना मुलाचें उत्तर चुकलेलें आढळलें, तर “इतकें सोपें कसें येत नाहीं?” या वाक्याऐवजीं “हें तुला कसें सुचलें?” असें विचारून पाहा. उत्तर ऐकण्यास दोन मिनिटें अधिक लागतील, पण तीं वायां जाणार नाहींत.

मी अजून गुरुवारच्या बाजारांत जातों. भाजी घेण्यापेक्षां तराजूपाशीं बसलेल्या मुलांचे हिशेब ऐकण्याचीच मला अधिक हौस आहे. तो मुलगा मला पुन्हां भेटला नाहीं. आज त्यानें पन्नाशी ओलांडली असेल. त्याचीं मुलें शिकलीं असतील, अशी मी आशा धरतों. मला वर्गांत पुढें जें साधलें तें त्याच्यामुळें साधलें, पण त्याचा त्यास कांहीं उपयोग झाला नाहीं. एका मुलाची किंमत देऊन शिक्षकानें शहाणें व्हावें, हा व्यवहार काय न्यायाचा? म्हणून माझी सांगी एवढीच कीं, जे अजून वर्गांत उभे आहेत त्यांनीं हें शहाणपण माझ्याकडून फुकट घ्यावें.

आणि कोण जाणे, छावणींतील एखाद्या दुकानांत हा आवाज त्याच्या कानीं पडत असेल, तर त्यास सांगतों: बाबा, त्या शुक्रवारीं चूक तुझी नव्हती, माझी होती. कोथिंबिरीचे पैसेहि अजून माझ्याकडेच आहेत.